कॉलेजच्या शिस्त समितीने बोलावलं, तर

"उद्या अकरा वाजता पालकांना घेऊन या." कॉलेजच्या ऑफिसातून येणाऱ्या फोनवर साधारण एवढंच सांगतात. कशासाठी, असं विचारलं की "सर सांगतील". मग घरात रात्रभर उलटतपासणी चालते, मुलगा अर्धंच सांगतो, आणि सकाळी ऐरोलीच्या किंवा नेरूळच्या दिशेने निघालेले आईवडील वाटेत एवढंच ठरवतात: माफी लिहून देऊ आणि विषय संपवू.

ठाण्यात कोर्टनाक्यावर माझ्याकडे जे पालक येतात ते बहुतेक या माफीनंतर येतात. विषय संपलेला नसतो. निलंबनाच्या आदेशाला त्या माफीनाम्याची झेरॉक्स जोडलेली असते आणि आदेशात वाक्य असतं, "सदर विद्यार्थ्याने आपली चूक लेखी मान्य केली आहे". मुलाने काय मान्य केलं, हे अनेकदा त्यालाच माहीत नसतं. कॉलेजातल्या शिस्तीच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते या पहिल्या कागदामुळे, असं माझं मत आहे. त्याच्याकडे येतेच, आधी हा सगळा कारभार चालतो कसा ते पाहू.

परीक्षेत कॉपी करणं, डमी बसवणं, दुसऱ्याचा प्रोजेक्ट आपल्या नावावर खपवणं हा परीक्षा विभागाचा रस्ता. त्याची समिती वेगळी, शिक्षेचा तक्ताही वेगळा. या लेखाचा विषय आहे अभ्यासाबाहेरचं गैरवर्तन: पार्किंगमधली मारामारी, फेस्टिवलमध्ये फोडलेली काच, बाथरूममधली व्हेप, हॉस्टेलच्या खोलीत सापडलेली बाटली, मित्राला आत घ्यायला वापरलेलं खोटं आयकार्ड, मॅडमचा फोटो लावून टाकलेली इन्स्टाची स्टोरी, ज्युनिअरला रात्री अकराला टेरेसवर बोलावणं, मुलीच्या मागे मागे स्टेशनपर्यंत जाणं. यातल्या काही गोष्टी नुसता वाह्यातपणा आहेत, काही सरळ गुन्हे आहेत. ऑफिसातून येणारा फोन मात्र सगळ्यांना सारखाच असतो, आणि पालकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

"पण हे कॉलेजच्या बाहेर झालं होतं" हा बचाव फार ऐकायला मिळतो आणि फार टिकत नाही. उपवन तलावावर किंवा वाशीच्या मॉलमध्ये दोन मुलं भांडली आणि दोघं एकाच वर्गातली असली, भांडणाचं मूळ वर्गात असलं, तर कॉलेज त्यात लक्ष घालू शकतं. सहल, स्पर्धा, इंडस्ट्रियल व्हिजिट ही तर कॉलेजचीच जागा धरतात. रॅगिंगच्या कायद्यात तर "संस्थेच्या आत किंवा बाहेर" असे शब्दच आहेत. मोबाईलवर घडलेल्या गोष्टीला आत-बाहेर असं काही उरतच नाही.

नियम कुठले आणि कुणाचे

ठाणे आणि नवी मुंबईतली बहुतेक पदवी महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला संलग्न आहेत. विद्यापीठ चालतं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार. विद्यापीठात शिस्तीची जबाबदारी कुलगुरूंवर, कॉलेजात ती प्राचार्यांवर. खाली कॉलेजचे स्वतःचे नियम असतात, माहितीपुस्तिकेच्या मागच्या पानांवर छापलेले. प्रवेशाच्या दिवशी ज्या हमीपत्रावर आपण पंख्याखाली रांगेत उभं राहून न वाचता सही करतो, त्यात हेच असतं की हे नियम मला मान्य आहेत. नेरूळच्या किंवा कामोठ्याच्या अभिमत विद्यापीठात मूल शिकत असेल तर त्या विद्यापीठाची आचारसंहिता वेगळी असते आणि अपिलाची शिडीही वेगळी. मात्र यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगचे आणि लैंगिक छळाचे नियम दोन्हीकडे चालतात. अकरावी-बारावीची मुलं विद्यापीठाखाली येतच नाहीत, आणि ती अठराच्या आतली असल्याने त्यांच्या बाबतीत पोलिसांपर्यंत गेलेलं प्रकरण बाल न्याय कायद्याने चालतं.

म्हणून पहिली मागणी साधी असावी: कुठल्या नियमाखाली बोलावलंय, त्या नियमाची प्रत द्या. ही मागणी उद्धट नाही. नियमाचं नाव कळलं की पुढची वाट कळते, कारण वाटा निरनिराळ्या आहेत आणि एकीचे नियम दुसरीला लागत नाहीत.

रॅगिंग: इथे प्राचार्यांचाही हात बांधलेला

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातल्या एका कॉलेजच्या आवारातला व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला होता. पावसाच्या पाण्याने भरलेल्या चिखलात एनसीसीची मुलं ओणवी, डोकं खाली, आणि मागून काठीचे फटके. मारणारा शिक्षक नव्हता, वरच्या वर्गातलाच विद्यार्थी होता, असं कॉलेजने तेव्हा सांगितलं आणि कारवाई जाहीर केली. त्या दिवसांत "एनसीसीत एवढं चालतंच" म्हणणारे लोक मला भेटले. चालत असेल, कायद्यात चालत नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा १९९९ चा आहे. त्यातली व्याख्या मुद्दाम रुंद ठेवली आहे. ज्याने विद्यार्थ्याला शारीरिक किंवा मानसिक इजा होते किंवा होऊ शकते, भीती, लाज, संकोच वाटतो असं कुठलंही वर्तन. चिडवणं, शिवीगाळ, धमकी, टवाळीची 'गंमत'. आणि जी गोष्ट तो विद्यार्थी एरवी आपखुशीने करणार नाही ती त्याला करायला सांगणं. शेवटचा भाग पुन्हा वाचा. मारणं लागत नाही, सांगणं पुरतं. "गाणं म्हण", "त्या मुलीला प्रपोज कर", "आमच्या असाइनमेंट लिही" हे सगळं त्यात बसतं. २०२५ साली यूजीसीने आणखी स्पष्ट केलं: सीनिअर मंडळींनी ज्युनिअर्सना घेऊन काढलेले व्हॉट्सॲप ग्रुप आणि त्यातला मानसिक त्रास हेसुद्धा रॅगिंग.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. कोर्टात गुन्हा शाबीत झाला तर कॉलेजातून बडतर्फी आणि पुढची पाच वर्षं कुठल्याच संस्थेत प्रवेश नाही. ही पाच वर्षं कैदेपेक्षा जड जातात.

लेखी तक्रार आली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार ताबडतोब पोलीस ठाण्याकडे पाठवायची. त्यांनी टाळाटाळ केली तर रॅगिंगला चिथावणी दिल्याचा ठपका त्यांच्यावरच येतो. यूजीसीचे २००९ चे विनियम आणखी कडक आहेत. गुन्हा घडल्याचं दिसलं तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत एफआयआर. त्यामुळे "सर, आपसात मिटवून टाकू" ही विनंती करणारे पालक प्राचार्यांना अशी गोष्ट मागत असतात जी त्यांना देता येत नाही.

याच विनियमांत एक कलम मला खटकतं. रॅगिंग कुणी केलं ते ओळखता आलं नाही तर संस्थेने सामूहिक शिक्षा करावी, असं त्यात आहे. हेतू कळतो: मुलांनी एकमेकांना पाठीशी घालू नये. पण हॉस्टेलच्या एका मजल्यावरच्या सगळ्यांना शिक्षा झाली की त्यात खोलीत झोपलेला मुलगाही येतो. असं प्रकरण आलं तर त्या मुलाने गप्प बसू नये. आपण त्या वेळी कुठे होतो ते पुराव्यासह, स्वतंत्रपणे, स्वतःच्या सहीने लिहून द्यावं. वर्गाच्या सामूहिक निवेदनावर सही करून मैत्री निभावता येते, बचाव करता येत नाही.

तक्रार करणाऱ्यासाठी: देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास चालते.

लैंगिक छळाची तक्रार

ही शिस्त समितीकडे जाता कामा नये. तिच्यासाठी अंतर्गत तक्रार समिती असते, आणि तिचे नियम यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांत आहेत. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. मी पाहिलेल्या अनेक कॉलेजांत हे तीन विद्यार्थी निवडून आलेले नसतात, कुणीतरी नेमलेले असतात. असो.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. तक्रारीची प्रत सात दिवसांत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण. अहवालावर संस्थेने तीस दिवसांत कारवाई करायची आणि शिफारशींविरुद्ध अपीलही तीस दिवसांतच करायचं. समितीपुढे वकील चालत नाही, दोन्ही बाजूंना.

दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या समजतात. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. खोटी ठरवायला वेगळी चौकशी लागते. आणि मुलाच्या आईवडिलांनी मुलीच्या घरी "समजवायला" जाणं. मुंब्र्याहून किंवा कोपरखैरण्याहून मिठाईचा पुडा घेऊन जरी गेलात तरी समितीच्या कागदात ते दबाव म्हणून लिहिलं जातं, आणि मुलावरच्या एका आरोपाचे दोन होतात. काकांनाही पाठवू नका.

उरलेलं सगळं: शिस्त समिती

मारामारी, तोडफोड, दारू, शिवीगाळ, पोस्ट. इथे कायद्याने ठरवून दिलेलं ताशीव वेळापत्रक सहसा नसतं. प्राचार्य तीन-चार प्राध्यापकांची समिती नेमतात, ती बोलावते, विचारते, अहवाल देते, आदेश निघतो. नियम जितके मोघम तितकं महत्त्व नैसर्गिक न्यायाला. सोप्या भाषेत तीन गोष्टी: आरोप काय आहे ते आधी सांगा, उत्तर द्यायला खरीखुरी संधी द्या, आणि ज्याचं भांडण आहे त्यानेच न्याय करू नये. ज्या सरांशी बाचाबाची झाली तेच सर समितीत बसले असतील तर तिथल्या तिथे, लेखी, नम्रपणे हरकत घ्यायची. निकालानंतर घेतलेल्या हरकतीला कुणी विचारत नाही.

हे तीन हक्क किती ताणता येतात आणि कुठे थांबतात हे सांगणारा निकाल पन्नास वर्षांहून जुना आहे. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयात जून १९७२ मध्ये एका रात्री काही मुलं मुलींच्या हॉस्टेलच्या आवारात शिरली, तीही विवस्त्र. मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार दिली. समितीने मुलींचे जबाब घेतले, पण मुलांच्या पाठीमागे घेतले. ओळख पटवायला मुलांचे फोटो इतर फोटोंत मिसळून मुलींना दाखवले. मग मुलांना बोलावून आरोप सांगितला आणि त्यांचं म्हणणं घेतलं. त्यांनी नाकारलं. त्यांना दोन वर्षांसाठी काढून टाकण्यात आलं. मुलं कोर्टात गेली: आमच्यासमोर साक्षी झाल्या नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही, हा कसला न्याय? सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कॉलेजची बाजू उचलून धरली. मुलींची नावं उघड केली असती आणि त्यांना मुलांसमोर उभं केलं असतं, तर पुढे त्यांना कॅम्पसमध्ये राहणंच अवघड झालं असतं. नैसर्गिक न्याय म्हणजे प्रत्येक ठिकाणी कोर्टातल्यासारखा खटला नव्हे. आरोप कळला, बाजू मांडता आली, समिती निःपक्ष होती, इतकं पुरे.

म्हणून समितीत शिरताच "साक्षीदार समोर आणा" अशी टेबलावर हात आपटून केलेली मागणी बहुधा वाया जाते. साक्षीदाराचा जबाब काय आहे त्याचा गोषवारा मागा, तो मिळणं जास्त शक्य असतं.

आता दुसरं टोक. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने एका विद्यार्थिनीला समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून थेट रस्टिकेट केलं, म्हणजे कॉलेजातून काढून टाकलं. तिला अटकही झाली होती. तिची बाजू ऐकूनच घेतली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या आदेशाला स्थगिती दिली, तिची सुटका करायला सांगितली आणि परीक्षेला बसू देण्याचा आदेश दिला. पोस्ट चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी, न ऐकता घातलेली शिक्षा उभी राहत नाही.

आणखी एक फरक डोक्यात ठेवावा. फौजदारी कोर्टात आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. समितीपुढे "असं घडलं असण्याची शक्यता जास्त दिसते" एवढं पुरतं. त्यामुळे पोलीस केसमधून सुटलेला मुलगा समितीतून सुटेलच असं नाही. आणि एकाच गोष्टीसाठी दोनदा शिक्षा कशी, हा प्रश्न इथे लागू होत नाही. राज्यघटनेतलं ते संरक्षण कोर्टाच्या शिक्षेपुरतं आहे.

पहिला कागद

आता माफीनाम्याकडे. प्रसंग साधारण असा असतो. स्टाफरूमला लागून असलेली खोली, टेबलावर फुलस्केप कागद, आणि एखादे सर समजुतीच्या सुरात म्हणतात, "लिही, काय झालं ते. आणि शेवटी लिही की पुन्हा असं करणार नाही." मुलगा लिहितो, "मी काल केलेल्या वर्तनाबद्दल दिलगीर आहे, पुन्हा असं होणार नाही." त्याच्या मनात 'वर्तन' म्हणजे भांडणाच्या जागी उभं राहणं. समितीच्या अहवालात त्याचा अर्थ होतो दुसऱ्याचं डोकं फोडणं. सर लबाड असतात असं मी म्हणत नाही. बहुतेकांना मनापासून विषय मिटवायचा असतो. पण कागद सरांच्या मनासारखा वाचला जात नाही, त्यावर जे लिहिलंय तसाच वाचला जातो.

लिहून द्यायचंच असेल तर घडलेलं लिहावं, विशेषणं नकोत. उदाहरणार्थ: "दिनांक अमुक रोजी दुपारी चारच्या सुमारास पार्किंगमध्ये वाद झाला तेव्हा मी तिथे होतो. मी आरडाओरडा केला, त्याबद्दल दिलगीर आहे. मी कोणावरही हात उचललेला नाही. पार्किंगच्या गेटवरचा कॅमेरा पाहावा." जे केलं ते मान्य, जे केलं नाही ते स्पष्ट नाकारलेलं, आणि पुरावा कुठे आहे तेही सांगितलेलं. चार वाक्यं झाली, पुष्कळ झाली. चूक खरंच झाली असेल तर ती अशीच मान्य करावी. प्रामाणिक, नेमक्या कबुलीने शिक्षा कमी झालेली मी पाहिली आहे. लपवाछपवीने ती वाढलेली त्याहून जास्त वेळा पाहिली आहे.

कॅमेऱ्याचं चित्रण कायम राहत नाही, यंत्र जुनं पुसून नवं भरत जातं. म्हणून "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवावं" असा एका ओळीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. मोबाईलमधले मेसेज काढून टाकू नयेत, आपल्याविरुद्ध जाणारे असले तरी. समोरच्याच्या फोनमध्ये ते असतातच, आणि आपण पुसले हेही दिसतं.

उत्तर दोन प्रतींत न्यायचं. एक द्यायची, दुसरीवर आवक-जावकच्या खिडकीतून गोल शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. तिथला क्लार्क "सरांना विचारून सांगतो" म्हणाला तर वाद घालत बसू नका. तेच उत्तर प्राचार्यांच्या ईमेलवर पाठवा आणि घरी जा.

कारणे दाखवा नोटीस हातात पडली की तिच्यातली मुदत बघा. "चोवीस तासांत खुलासा करा" असं लिहिलेलं असलं तरी कागदपत्रं मिळालेली नसताना वाढीव मुदत मागता येते. ती मुदत संपायच्या आत मागायची.

शिक्षा

तोंडी समज, लेखी ताकीद, दंड, नुकसानभरपाई, हॉस्टेलमधून काढणं, स्पर्धांना बंदी, ठरावीक काळाचं निलंबन, आणि टोकाला नाव काढून टाकणं. रॅगिंगच्या विनियमांत शिष्यवृत्ती रोखणं, निकाल राखून ठेवणं आणि एक ते चार सत्रांसाठी रस्टिकेट करणं हेही आहे. लैंगिक छळाच्या विनियमांत समुपदेशन आणि समाजसेवेची तरतूद आहे. ती मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते आणि सगळ्यांत कमी वापरली जाते, कारण तिच्यावर देखरेख करायला माणूस लागतो. निलंबनाला नुसतं लेटरहेड पुरतं.

निलंबन दोन प्रकारचं असतं हे पालकांच्या लक्षात येत नाही. चौकशी चालू असताना वातावरण शांत राहावं म्हणून घरी बसवणं ही शिक्षा नाही, तात्पुरती व्यवस्था आहे. पण ती महिनोन्महिने लांबली तर शिक्षाच होते, विशेषतः पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असताना. त्या दिवसांची हजेरी कशी धरणार, हे निलंबनाच्या पहिल्या आठवड्यातच लेखी विचारून ठेवा. सत्राच्या शेवटी डिफॉल्टर यादीत नाव लागल्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं.

शिक्षा आणि चूक यांचं माप जुळायला हवं, हे कोर्ट बघतं. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्याला दोन वर्षांसाठी निलंबित केलं. कारणांत दिल्लीतल्या मोर्चातला सहभागही होता, म्हणजे कॅम्पसपासून चौदाशे किलोमीटरवर घडलेली गोष्ट. उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात निलंबनाचा काळ जेवढा भोगून झाला होता तेवढ्यावरच आणला आणि त्याला पीएचडी पुरी करण्याची मोकळीक मिळाली. वर्षभराहून जास्त काळ मात्र गेला तो गेलाच. कोर्टाचा रस्ता उघडा असतो, जवळचा नसतो.

पोलीस

मारामारीत जखम झाली, पैसे उकळले, अमली पदार्थ सापडला, तर कॉलेजची चौकशी आणि पोलिसांची कारवाई शेजारी शेजारी चालतात. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालयं वेगळी आहेत. दिघा-ऐरोलीच्या सीमेवर राहणारी मंडळी भलत्याच ठाण्यात जातात. गेलात तरी बिघडत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही माहिती नोंदवून घ्यावीच लागते.

गांजाची पुडी सापडलेल्या मुलाच्या पालकांना एक तरतूद माहीत असावी. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवन किंवा अल्प प्रमाण एवढाच आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जातं. विकणाऱ्याला ते नाहीच.

वर कुणाकडे जायचं

रॅगिंगच्या प्रकरणात संलग्न कॉलेजच्या आदेशावर अपील कुलगुरूंकडे, विद्यापीठाच्या आदेशावर कुलपतींकडे. इतर शिस्तीच्या आदेशांत अपील कुठे करायचं ते बहुधा कॉलेजच्या नियमांतच असतं. नसलं तर प्राचार्यांकडे फेरविचाराचा अर्ज आणि त्याची प्रत विद्यापीठाला. कॉलेजने मूळ मार्कशीट किंवा प्रमाणपत्रं फीसाठी अडवून ठेवली, छळ झाला, भेदभाव झाला, तर यूजीसीच्या २०२३ च्या विनियमांखालची विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पंधरा दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या विद्यापीठाच्या लोकपालांकडे.

उच्च न्यायालयात रिट याचिका शेवटची. आणि कोर्ट सहसा "मुलगा निर्दोष" असं सांगत नाही. "पुन्हा नीट चौकशी करा" असं सांगून प्रकरण परत पाठवतं. परीक्षा तोंडावर असेल तर अंतरिम आदेश हीच खरी मिळकत. वकिलाची फी परवडत नसेल तर ठाणे जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अठरा वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन १५१००.

नोंद किती दिवस राहते

रॅगिंगच्या विनियमांनुसार कॉलेज सोडतानाच्या दाखल्यावर, वर्तणुकीच्या नेहमीच्या नोंदीशिवाय, या विद्यार्थ्याला रॅगिंगबद्दल शिक्षा झाली आहे की नाही याची वेगळी नोंद करायची असते. सतत हिंसक वागणूक असली तर तीही. इतर शिक्षांबद्दल कॉलेजागणिक पद्धत बदलते, म्हणून दाखला हातात पडल्यावर वर्तणुकीचा रकाना खिडकीपाशीच वाचून घ्यावा.

सरकारी नोकरीत रुजू होताना भराव्या लागणाऱ्या साक्षांकन नमुन्यात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी विद्यापीठाने किंवा शिक्षण संस्थेने परीक्षेस बसण्यास मनाई केली आहे का, किंवा रस्टिकेट केलं आहे का? लेखी ताकीद किंवा दंड झालेल्याला इथे प्रामाणिकपणे "नाही" लिहिता येतं. रस्टिकेट झालेल्याने "होय" लिहून खाली तपशील द्यायचा, कारण माहिती दडवली तर नोकरी जाऊ शकते अशी सूचना त्याच नमुन्याच्या माथ्यावर छापलेली असते. अपिलात शिक्षा कमी झाली असेल, तर ती झाल्याचा लेखी आदेश तेव्हाच मागून घ्यावा आणि मार्कशीटांच्या फायलीत ठेवावा. दहा वर्षांनी कॉलेजात गेलं तर ते प्राचार्य नसतात, समिती नसते, आणि तो कागद कुठल्या कपाटात आहे हे सांगणारा क्लार्कही निवृत्त झालेला असतो.